मुक्या नवसाची वाट

चालण्याबद्दल लोक पैसे देतात ही गोष्ट केळवे-माहीमच्या बागायतदारांच्या गळी उतरवणे प्रत्यक्ष चालण्यापेक्षा अवघड आहे, हे दिनानाथ चुरीला फार लवकर कळून चुकले. मुंबईत काही आईबापांनी मिळून एक लहानशी संस्था काढली होती. ज्यांच्या मुलांचे स्नायू पाचव्या-सहाव्या वर्षापासून झिजत जातात, आधी पळणे, मग जिना, मग चालणे असे एकेक हरपत जाते आणि ज्या रोगावर औषध नाही, अशा मुलांची ती घरे होती. आणि ती इतकी विरळ, की एका तालुक्यात दुसरे सापडेलच याची खात्री कुणी देत नसे. बाहेरगावाहून इस्पितळात येणाऱ्यांना पाठ टेकायला एक खोली असावी, मुलांना चाकांच्या खुर्च्या मिळाव्यात, म्हणून संस्थेने असे ठरवले, की प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या भागातून लांब पल्ल्याची पदयात्रा करावी आणि ओळखीपाळखीच्या माणसांनी त्याच्या प्रत्येक मैलामागे काही रक्कम कबूल करावी. अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत दिनानाथच्या वाट्याला सफाळे ते चिंचणी हा रस्ता आला. वाट्याला आला असे म्हणणे तितकेसे खरे नाही. त्याने तो मागून घेतला होता.

"म्हणजे चालणार तू, आणि पैसे द्यायचे मी," कमलाकांत म्हणाला. कमलाकांत हा त्याचा साडू. पालघरला त्याचे औषधांचे दुकान होते.

"मैलामागे."

"आणि तू मध्येच बसलास तर?"

"तर तिथपर्यंतचेच द्यायचे."

"मग मी तुला पहिल्याच मैलावर चहाला बसवतो, आणि उठूच देत नाही." एवढे बोलून त्याने इतरांच्या दुप्पट आकडा कबूल केला, आणि वर कॅनव्हासचे नवे बूट आणून दिले. कमलाकांतचे प्रेम नेहमी असे टोमण्याच्या मागून येत असे.

परंतु दिनानाथला त्या रस्त्याकडून हवे होते ते पैशांहून वेगळे होते.

त्याचा मुलगा देवू दहा वर्षांचा. गेल्या शिमग्यापासून त्याचे चालणे पूर्ण थांबले होते, आणि दिवसभर तो ओटीवर बसून विड्याच्या पानांच्या करंड्या भरणाऱ्या गड्यांशी गप्पा मारी. मुंबईच्या डॉक्टरांनी दोघा नवराबायकोंना समोर बसवून सांगितले होते, की हा दोष आईकडून मुलाकडे येतो; आई स्वतः धडधाकट असते, तिला त्याचा पत्ताही नसतो, आणि यात तिचा काडीचाही अपराध नाही. डॉक्टरांनी हे फार जपून, शब्द निवडून सांगितले. नलूने त्यातले पहिले वाक्य घेतले आणि पुढची सगळी तिथेच टाकून दिली. त्या दिवसापासून ती कामापुरते बोले: पाणी तापले आहे, मीठ संपले आहे, देवूला कूस बदलून द्या. शेजारच्या वाडीतल्या बायकांनी आपली मुले देवूपाशी बसवणे हळूहळू बंद केले, तेही तिने पाहिले आणि त्यावर ती एक अक्षर बोलली नाही. दिनानाथने तिची समजूत घालण्याचा आपल्या परीने पुष्कळ यत्न केला. तो वाचणारा माणूस होता. त्याच्याजवळ शब्दांची वाण नव्हती. एके दुपारी पाने खुडता खुडता ती एकाएकी म्हणाली, "अशी आणखी एखादी आई कुठे असेल, तर मला तिच्याशी बोलायचंय. तुमच्याशी नाही. तुम्ही समजूत घालता."

ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसले. पुढच्या खेपेस त्याने डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते आठवून आठवून म्हणाले, की तुमच्याच बाजूची एक कोळीण येऊन गेली होती, अगदी असाच मुलगा घेऊन. औषध नाही म्हटल्यावर पुन्हा आली नाही. गावाचे नाव त्यांना आठवेना. बोईसरला उतरून पुढे जायचे म्हणून ती घाईत होती, एवढेच ध्यानात राहिले होते.

बोईसरला उतरायचे, म्हणजे तारापूरच्या अंगाचे किनाऱ्यावरचे एखादे गाव. आणि तिकडची कोळीण, म्हणजे बहुधा मांगेला जमातीची. दिनानाथने एकदा बसने जाऊन त्या बाजूच्या वस्त्यांतून चौकशी केलीही होती. पण परक्या माणसाने दारात उभे राहून 'तुमच्या घरी पांगळे होत चाललेले मूल आहे काय' असे विचारावे आणि घराने 'आहे' म्हणावे, हे घडत नाही. दारे मिटली. मग त्याने स्वतःशी असा हिशेब बांधला, की शोधायला गेले की माणसे लपतात; तेव्हा शोधू नये, दिसत राहावे. मुलाच्या आजाराचे नाव छातीवर लावून आपण त्या रस्त्याने चालत गेलो, तर ती आपणहून पुढे येईल. या हिशेबात खोट काढण्यासारखे त्याला काही दिसले नाही.

सफाळ्याला स्टेशनापाशी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी नारळ फोडला आणि संस्थेने पाठवलेला पट्टा त्याच्या छातीवर तिरपा बांधला. पट्टा पिवळा होता, त्यावर तांबडी अक्षरे. दिनानाथने चार मिनिटांचे भाषण पाठ केले होते. 'स्नायुक्षय' हा शब्द त्यात तीनदा येत होता आणि 'अनुकंपा' दोनदा. पहिले वाक्य संपते तोच गाडीची घंटा झाली आणि श्रोते, मुख्याध्यापकांच्या एका चिरंजीवांसह, फलाटाकडे धावले. उरलेले भाषण त्याने गिळले आणि तो चालू लागला.

केळवे रोडच्या पुढे कमलाकांतच्या बुटांनी टाचा सोलून काढल्या. त्याने ते काढून पिशवीत टाकले. अनवाणी चालण्याचे त्याला काहीच वाटले नाही. पानवेलीच्या मळ्यात पायताण घालून कुणी शिरत नाही, आणि त्याचा जन्म मळ्यात गेला होता. त्याच सुमारास मागून मासळीच्या पाट्या घेतलेल्या चार-पाच बायका झपाझप चालत आल्या. पुढची वयस्क होती. तिने त्याच्या पट्ट्याकडे पाहिले, पायांकडे पाहिले, आणि विचारले, "कुठं चालले, बाबा?"

उन्हाने त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्याने नुसता हात उत्तरेकडे केला, आणि छापील पत्रक काढण्यासाठी पिशवीत डोके घातले. पत्रक हाती लागून त्याने मान वर केली, तो सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला सरल्या होत्या. डोक्यावरच्या पाट्या त्यांनी खाली ठेवल्या होत्या. तो पत्रक पुढे करून बोलण्यासाठी तोंड उघडतो आहे असे दिसताच त्या वयस्क बाईने चटकन पदर आपल्या तोंडावर धरला आणि मान फिरवली. बाकीच्यांनीही तसेच केले.

दिनानाथचा हात तसाच राहिला. देवूच्या आजाराची बातमी झाल्यावर शेजारच्या वाडीतली एक बाई त्यांच्या ओटीवरून जाताना असाच पदर तोंडाला लावी. त्याने पत्रक पिशवीत ठेवले आणि तो पुढे निघाला. बराच पुढे जाईपर्यंत मागून त्या बायकांपैकी कुणाचा आवाज आला नाही.

"कुणी बोलत नाही," संध्याकाळी पालघरला कमलाकांतच्या घरी पाय कोमट पाण्यात सोडून तो म्हणाला.

"तुझं भाषण सुरू होईल या भीतीनं," कमलाकांत म्हणाला. "दिनू, मी सांगतो, तो शब्द काढून टाक. स्नायू म्हटलं की निम्मे जातात, क्षय म्हटलं की उरलेले."

"मी भाषण केलंच नाही."

"मग तुझा चेहराच भाषणासारखा असेल." पण मग तो म्हणाला, "उद्या मी येऊ का बरोबर? दुकान एक दिवस बंद ठेवतो."

दिनानाथ नको म्हणाला. दोन पुरुष मिळून चालले, तर ती बाई पुढे येणार नाही असे त्याला वाटले. त्या नकाराचे वजन त्याला दुसऱ्या दिवशी कळले.

बाजारात बसणाऱ्या बायकांची बातमी फार लवकर पसरते. पालघरहून सकाळच्या गाडीने ती बोईसरला पोचली असावी, आणि तिथून टेंपोत, पाट्यांच्या गर्दीत बसून, किनाऱ्यापर्यंत. दिनानाथला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला दिसत होते ते एवढेच, की तो जसजसा उत्तरेकडे सरकतो आहे तसतशी त्याच्या पुढची माणसे बाजूला होत आहेत. उमरोळीच्या अलीकडे भाताच्या पेंढ्याची गाडी हाकणाऱ्याने त्याला पाहून बैल थांबवले आणि तो जाईपर्यंत दुसरीकडे बघत राहिला. एका टपरीवर तो बाकावर टेकताच चहावाल्याने न विचारता पेला समोर ठेवला. पैसे पुढे केले, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. आपण हात लावलेले नाणेही याला नको, असे दिनानाथने मानले, आणि पेला विसळून ठेवण्याचे कष्ट त्याला पडू नयेत म्हणून स्वतःच विसळून उपडा घातला.

बोईसरला कारखान्यांची पाळी सुटली होती. सायकलींच्या लोंढ्यातून दोघे कामगार त्याच्या जवळून गेले, आणि त्यातला एक मान वळवून म्हणाला, "बाबाजी, हमारा भी बोल देना." कुणाला बोलायचे आणि काय, ते उमजण्याच्या आत सायकली पुढे निघून गेल्या. दोन दिवसांत कुणी आपणहून उच्चारलेले ते दुसरे वाक्य. त्याने ती चेष्टा समजली.

बाजारातून तो मुद्दाम सावकाश गेला. मांगेला बायका रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बसल्या होत्या, आणि यांच्यातलीच कुणीतरी ती असेल, किंवा तिची नणंद, तिची जाऊ, तिला ओळखणारी कुणी. बाजाराचा कलकलाट त्याच्या पुढे चार पावलांवर विझत होता आणि मागे चार पावलांवर पुन्हा पेटत होता; त्या मधल्या शांततेत तो एकटा. एका बाईपुढे तो थांबला. तिने पाटी मांडीकडे ओढली आणि पदर तोंडाला लावला. तो बोलू शकला असता. तिला ऐकायचे नाही हे इतके उघड असताना बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

त्या संध्याकाळी, ओळखीच्या एका व्यापाऱ्याने उघडून दिलेल्या रिकाम्या गाळ्यात, सिमेंटच्या पोत्यांना उद्देशून त्याने आपले भाषण शेवटपर्यंत म्हणून पाहिले. आवाज नीट होता. वाक्ये घडीव होती. ती त्याच्या सगळ्या आयुष्यासारखीच, ऐकणारे कुणी नसताना उत्तम वठत होती.

तिसऱ्या दिवशी कारखाने मागे पडले, हवेला खाऱ्या ओलाव्याचा वास आला, आणि रस्त्याकडेच्या अंगणांतून काठ्यांच्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील दिसू लागले. ती बाई असेल तर याच टापूत, हे त्याला पक्के ठाऊक होते. संध्याकाळी चिंचणीला कमलाकांत स्कूटर घेऊन येणार होता. म्हणजे हातात एवढाच रस्ता होता. वस्ती आली की तो पाऊल आखडे, माणसे अंगणातून उठून उभी राहत, कुणी बोलत नसे, आणि वस्ती संपे.

तारापूरच्या अलीकडे त्याच्या ध्यानात आले, की मागून कुणीतरी येत आहे. एक बाई, कडेवर पोर. पोर मोठे असावे, कारण ती एका अंगाला फार कलली होती. तो पिंपळाखाली टेकला, तशी तीही लांब थांबली, आणि तिने पोराला एका दगडावर बसवले. तो उठला, तशी ती उठली. अंतर मात्र तिने कमी होऊ दिले नाही. दिनानाथने त्याचा अर्थ लावला, आणि तो त्याच्या दोन दिवसांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळला. या बाईलाही पुढेच जायचे आहे, पण पोराला तिला आपल्या वाऱ्यालाही उभे करायचे नाही. म्हणून बिचारी उन्हात अडकून पडली आहे. तिची अडचण दूर करावी म्हणून सोललेल्या टाचांनी तो भराभरा चालू लागला. मागे वळून पाहिले, तर तीही भराभरा येत होती. त्याने आणखी घाई केली. तारापूर त्याने असे ओलांडले, की कुठल्याही घराकडे धड पाहिलेसुद्धा नाही, आणि खाडीच्या पुलावर आल्यावर त्याच्या लक्षात आले, की शेवटची वस्ती मागे गेली.

चिंचणीच्या नाक्यावर एक दुकान होते आणि दुकानापुढे फळी टाकून दोन म्हातारे बसले होते. दिनानाथने पट्टा सोडला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. नलूला जाऊन काय सांगायचे, ते वाक्य तो मनात जुळवू लागला, पण ते जुळेना. तो दुकानदाराला म्हणाला, "पाणी मिळेल का?"

दोन्ही म्हातारे एकदम वळले.

"बोलला," एक म्हणाला.

"पट्टा बी सोडला. सुटला म्हनायचा," दुसरा म्हणाला, आणि दिनानाथकडे तोंड करून मोकळेपणाने हसला. "या, बसा, बाबा. इथंच फेडायचा होता काय? आमाला वाटलं डहाणूला म्हालक्षुमीला चालले. विश्राम, बाबाला पानी दे. गूळ दे."

"काय फेडायचा होता?"

"मुका नवस तुमचा."

दिनानाथ फळीवर बसला. विश्राम दुकानदाराने तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला, पण प्यायला नाही. म्हाताऱ्याला वाटले, माणूस दमला आहे. म्हणून त्याने आपणच सगळे उलगडून सांगितले. त्यांच्यात पोराच्या जिवावर बेतले, की कुणी कुणी असा नवस बोलतो: पिवळे नेसायचे, पायताण सोडायचे, आणि देवीच्या दारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. असा माणूस वाटेत भेटला, तर डोईवरचे ओझे उतरून बाजूला व्हायचे. त्याला बोलायला लावायचे नाही, त्याच्यापासून काही घ्यायचे नाही. तो बोलू लागलाच, तर आपल्या तोंडावर पदर धरून त्याला आठवण द्यायची. कारण आपल्यामुळे त्याचा नवस मोडला, तर त्याचे पोर जाते.

"आजकाल कोन करतो असा कडक नवस," म्हातारा म्हणाला. "तीन दिस झाले, बाजारात तुमचीच गोष्ट हाय. माझी सून बोईसरात व्हती. सांगत व्हती, बाबा माझ्यासमोर उबा ऱ्हायला, डोळ्यांत पानी, पन शब्द नाय काढला."

केळवे रोडपासून इथपर्यंतचा सगळा रस्ता त्याच्या मनात उलटा फिरला. ज्यांना तो पाठ दाखवून आला होता, ती सगळी माणसे तीन दिवस त्याचे पोर सांभाळत होती.

एवढ्यात ती मागची बाई नाक्यावर पोचली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. त्याला तांब्या हातात घेऊन बसलेला पाहून तिने म्हाताऱ्याला विचारले, "सुटला काय?" म्हाताऱ्याने मान हलवताच ती समोर आली आणि तिने पोराला खाली ठेवले.

"बाबा, मी तानी. घिवलीची. कुठली देवी बोलला तुमाला? माझा बी पोर असाच हाय. शेजारनीनं मासळीबाजारात ऐकलं, पट्टा वाचून कुनी सांगितलं, पाय गेलेला पोर हाय बाबाचा, म्हनून मी मागून आले. कुठली देवी, तेवढं सांगा."

मुलगा जमिनीवर बसला होता तो दुकानातली गोळ्यांची बरणी पाहून उठू लागला. आधी तो चार हातापायांवर आला, मग त्याने एक हात गुडघ्यावर टेकला, मग दुसरा मांडीवर, आणि स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत चढत तो उभा राहिला. पोटऱ्या फुगीर होत्या. दिनानाथने हे उठणे तीन वर्षे रोज पाहिले होते, आणि देवूच्या बाबतीत ते बंद झाल्यालाही आता वर्ष होत आले होते. दुसऱ्या कुणाच्या मुलात ते पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

कुठल्याही देवीचे नाव त्याला घेता आले असते. त्या नावावर या बाईने एक वर्ष काढले असते, कदाचित दोन. आणि त्याने आजवर नलूपुढे जी वाक्ये उभी केली होती त्यांच्याहून ते खोटे फार मोठे ठरले नसते. पण नलूने त्या वाक्यांचे काय केले होते, ते तो विसरला नव्हता.

"देवी नाही, बाई," तो म्हणाला. "नवसही नव्हता. बूट लागले म्हणून मी अनवाणी होतो, आणि कुणी बोलेना म्हणून गप्प. मुंबईची एक संस्था आहे, तिच्यासाठी चाललो. औषध कुणाकडेच नाही."

"डाक्टर बी हेच बोलला व्हता."

"तो खरं बोलला."

तानी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. "पोराला कडेवर टाकून आले मी. तुमी थांबले की थांबले, तुमी पळाले की पळाले. हाक नाय मारली. तुमचं पोर जाईल म्हनून तोंड दाबून चालले. आनि तुमी म्हनता, बूट लागले."

म्हातारे अवघडले. त्यातल्या एकाला वाटले, निदान पोराला तरी सावलीत घ्यावे. "ये रं बाला, वर बस," असे म्हणत तो वाकला, आणि मुलाच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला उचलू लागला.

"काखेत नको," दिनानाथ आणि तानी एकाच वेळी म्हणाले.

अशी मुले काखेत धरून उचलली, तर खांद्यांत बळ नसल्यामुळे हात वर होतात आणि मूल भिजल्या कापडासारखे हातांतून निसटते. हे पुस्तकातून कळत नाही. एकदा मूल पडल्यावर कळते. म्हातारा चरकून बाजूला झाला. दिनानाथने एक हात मुलाच्या गुडघ्यांखाली आणि एक पाठीमागून घातला, त्याला छातीशी घेऊन उचलले आणि फळीवर अशा बेताने टेकवले, की पाठीला भिंत मिळावी. मुलाचे नाव जिवल्या होते, आणि त्याला फक्त गोळी हवी होती; विश्रामने दिली.

तानीने हे सगळे पाहिले. मग ती फळीच्या टोकाला जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुमचा केवडा हाय?"

"दहा वर्षांचा."

"ह्यो सातचा." जरा वेळाने तिने विचारले, "चालतो?"

"आता नाही."

"हातानं जेवतो?"

"ताट जवळ असलं तर. केस विंचरता येत नाहीत."

"झोपेत कूस बदलतो?"

"नाही. आम्ही बदलून देतो. बहुतेक तीच उठते."

डॉक्टरांना तिने यातले काहीच विचारले नव्हते, हे तिच्या विचारण्यावरून दिसत होते. प्रत्येक उत्तरावर ती जिवल्याकडे एकदा बघे आणि पुढचे विचारी. दिनानाथ तिच्या पुढे होता तो फक्त तीन वर्षांनी, आणि ती त्याला वाट विचारत होती. त्याने शब्द निवडले नाहीत. जे होते ते सांगितले. शेवटी ती म्हणाली, "तुमची बाई काय बोलते?"

"काही बोलत नाही."

"मी बी नाय बोलत. सासू म्हनते, तुज्या रक्ताचं हाय." तिने पदराने तोंड पुसले. "बाईलाच का नाय आनलं मग?"

हा प्रश्न तीन दिवसांत, किंबहुना तीन महिन्यांत, त्याला एकदाही पडला नव्हता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सुचलं नाही. देवूपाशी कुणीतरी हवं."

"तुमी बसायचं. तिनं चालायचं." एवढे बोलून तिला थोडे हसू आले. "बरं. पाठवा तिला. घिवलीला येऊन तानीचं घर विचारलं की दावतील. पन पोराला बघायला आले असं नाय सांगायचं, सासू दारातच उबी ऱ्हाईल. सुके बोंबील घ्यायला आले म्हनावं. आनि घाई नाय करायची. आदी भाव करायचा, महाग म्हनायचं, उठून जायला बघायचं. मंग मी मागच्या अंगाला नेते."

"तिला भाव करता येत नाही. आमच्याकडे पानं एकाच दरानं जातात."

"मंग शिकवा," तानी म्हणाली, आणि जिवल्याला कडेवर घेण्यासाठी वाकली.

दिनानाथ उठून उभा राहिला. ज्यासाठी निघाला ते त्याला मिळाले होते, आणि तरी तानी निघालेली पाहून तो दोन पावले तिच्यामागे गेला. त्याने विचारले, "याचे वडील घरी असतात का? कधी आलो तर भेटतील?"

"त्यो?" तिने पोर सावरले. "बोटीवर असतो तवाच बरा असतो. घरात असला की भितीकडं तोंड करून पडतो. तुमच्याशी काय बोलंल तो?"

"नाही बोलले तरी चालेल," दिनानाथ म्हणाला. "नुसतं बसू."

तानीने त्याच्याकडे नीट पाहिले, तीन दिवसांत कुणी पाहिले नव्हते तसे. "बघते," ती म्हणाली. हो म्हटले नाही.

ती पुलाच्या दिशेने निघून गेली. कमलाकांत यायला अजून अवकाश होता. दिनानाथ पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहिला, तसा मागून आलेल्या एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, आणि तो बाजूला होईना असे पाहून म्हणाला, "ओ काका, रस्ता काय तुमचा हाय काय?" एका बाईची मासळीची पाटी त्याच्या खांद्याला घासून गेली आणि शर्टावर ओला डाग उमटला. तिने ओझे उतरवले नाही, मागे वळूनही पाहिले नाही. पुढच्या बाईशी मोठ्याने भांडत ती नाक्यावरून वळली. दिनानाथ कडेला सरला आणि वाट बघत उभा राहिला.